माप आणि कस
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण मिसळणीचा हिशेब शिकणार आहोत. मिसळणी म्हणजे दोन जिनसा एकत्र करणे. घरात, गोठ्यात, शेतात आपण रोज काही ना काही एकत्र करतो. गाईचे दूध आणि म्हशीचे दूध एका कॅनमध्ये ओततो. फवारणीच्या पंपात पाणी आणि औषध घालतो. जनावरांसाठी पेंड आणि भरडा कालवतो. घरात लग्न निघाले की जुने दागिने मोडून नवा दागिना घडवतो.

एकत्र करणे हाताला सोपे असते. पण एकत्र झाल्यावर त्या जिनसेची किंमत काय, तिच्यात जोर किती, हे सांगताना माणूस अडतो. आणि जिथे आपण अडतो, तिथे दुसरा कोणी तरी आपल्या वतीने हिशेब करतो. तो भला असला तर ठीक. नाही तर आपले नुकसान होते, आणि नुकसान झाले हे आपल्याला कळतही नाही. ज्याला ठेच लागते तो निदान पुढच्या खेपेला खाली बघून चालतो. ज्याला ठेच लागल्याचेच कळत नाही, तो रोज त्याच दगडावर पाय मारतो.

तुम्हाला आता आकडे वाचता येतात. बेरीज येते, गुणाकार येतो, भागाकार येतो. एवढ्या शिदोरीवर हा हिशेब पुरा होतो. याहून जास्त काही लागत नाही. पाटी-पेन्सिल जवळ घ्या. आम्ही आकडे सांगू तसे लिहीत चला.

१. आधी दोन गोष्टी विचारा

कोणतीही जिन्नस समोर आली की दोन गोष्टी विचारायच्या. पहिली गोष्ट, माप किती? दुसरी गोष्ट, कस किती?

माप म्हणजे किती लिटर, किती किलो, किती ग्रॅम. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कस म्हणजे काय? सोनार काळ्या दगडावर सोने घासून पाहतो. त्या दगडाला कसोटी म्हणतात. सोन्यात खरे सोने किती आणि तांबे-चांदी किती, हे तो त्या रेघेवरून ओळखतो. खऱ्या सोन्याचा हा जो वाटा, तो सोन्याचा कस. दुधाचा कस डेअरीत फॅटवर मोजतात. ५ फॅट म्हणजे दुधाच्या १०० भागांत ५ भाग लोणी-तुपाचा अंश. औषधाच्या पाण्याचा कस म्हणजे एका लिटर पाण्यात किती मिलिलिटर औषध आहे तो आकडा.

आता सरबताचे उदाहरण घेऊ. हे तुम्ही घरी करूनही पाहू शकता.

एका पातेल्यात ४ पेले सरबत आहे. त्यात दर पेल्याला २ चमचे साखर आहे. दुसऱ्या भांड्यात १ पेला सरबत आहे. त्यात ७ चमचे साखर आहे. दोन्ही एकत्र ओतले. आता दर पेल्याला किती चमचे साखर झाली?

कोणी चटकन म्हणेल, "२ आणि ७ मिळून ९. त्याचे निम्मे साडेचार." हे उत्तर चुकीचे आहे. का चुकीचे? कारण त्याने नुसता कस पाहिला, माप पाहिलेच नाही. कमी गोड सरबत ४ पेले होते. जास्त गोड सरबत एकच पेला होते. दोघांना सारखा मान कसा देता येईल?

बरोबर हिशेब असा. पहिल्या पातेल्यात एकूण साखर ४ गुणिले २, म्हणजे ८ चमचे. दुसऱ्या भांड्यात एकूण साखर १ गुणिले ७, म्हणजे ७ चमचे. सगळी साखर १५ चमचे. सगळे पेले ५. म्हणून १५ भागिले ५, दर पेल्याला ३ चमचे.

उत्तर साडेचार नाही, ३ आहे. ते २ च्या जवळ आहे आणि ७ पासून लांब आहे. ज्याचे माप जास्त, त्याच्या बाजूला उत्तर झुकते. तराजूचे पारडे जड बाजूला झुकते तसेच हे.

ही रीत पाठ करून ठेवा.
माप गुणिले कस करा.
सगळ्यांची बेरीज करा.
त्या बेरजेला एकूण मापाने भागा.

शाळेच्या पुस्तकात या रीतीला भारित सरासरी असे जड नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. रीत विसरू नका.

२. दोन जावांचे दूध

आता पैशाचा प्रश्न घेऊ. समजा, एका घरात दोन जावा आहेत. थोरलीची म्हैस आहे. धाकटीची गाय आहे. दोघींचे दूध एकाच कॅनमधून गावातल्या खव्याच्या भट्टीवर जाते. भट्टीवाला फॅट पाहून भाव देतो. एका लिटरला, दर एका फॅटमागे ८ रुपये, असा त्याचा ठराव आहे.

थोरलीचे दूध ६ लिटर, फॅट ७. धाकटीचे दूध १२ लिटर, फॅट ४. एकत्र दुधाचे फॅट किती?

थोरलीचे ६ गुणिले ७, म्हणजे ४२. धाकटीचे १२ गुणिले ४, म्हणजे ४८. दोन्ही मिळून ९०. एकूण दूध १८ लिटर. ९० भागिले १८, म्हणजे ५. कॅनमधल्या दुधाचे फॅट ५. भट्टीवाला लिटरला ५ गुणिले ८, म्हणजे ४० रुपये देतो. १८ लिटरचे ७२० रुपये झाले.

इथवर सगळे ठीक. भांडण सुरू झाले ते वाटणीवरून.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, दूध माझं जास्त आहे. तीन भागांत दोन भाग माझं. मग पैसेही तसेच वाटू. मला ४८०, तुम्हाला २४०."

थोरली म्हणाली, "अगं, दूध तुझं जास्त, मी कुठं नाही म्हणते? पण भाव मिळतो तो माझ्या म्हशीच्या जोरावर. निम्मेनिम्मे कर. ३६० तुला, ३६० मला."

दोघीही खोटे बोलत नव्हत्या. दोघींच्याही बोलण्यात अर्धे खरे होते. धाकटी नुसते माप पाहत होती. थोरली नुसता कस पाहत होती. रोज सकाळी कॅन भरताना बोलाचाली होऊ लागली. चूल वेगळी करण्यापर्यंत गोष्ट आली.

शेवटी दोघी सासूकडे गेल्या. "आत्याबाई, तुम्हीच सांगा."

सासू साक्षरता वर्गाला जात होती. ती म्हणाली, "मी काय सांगू? पाटी सांगेल. आणा इकडं."

सासूने पाटीवर दोन आकडे लिहिले. थोरलीचे ४२, धाकटीचे ४८. ती म्हणाली, "भट्टीवाला पैसे देतो ते या आकड्यांचे. दर आकड्याला ८ रुपये. ४२ गुणिले ८, ३३६ रुपये थोरलीचे. ४८ गुणिले ८, ३८४ रुपये धाकटीचे. दोन्ही मिळून ७२०. एक रुपया उरला नाही, एक रुपया कमी पडला नाही. आता बोला."

बोलायला काही उरलेच नव्हते.

जरा विचार करा. धाकटीचे म्हणणे मान्य केले असते तर थोरलीचे रोज ९६ रुपये बुडाले असते. ३० दिवसांच्या महिन्यात २,८८० रुपये. थोरलीचे म्हणणे मान्य केले असते तर धाकटीचे रोज २४ रुपये बुडाले असते. महिन्याला ७२० रुपये. कोणी चोरी केली नसती, कोणी लबाडी केली नसती. तरीही एका घरातल्या एका बाईचे पैसे दुसरीकडे गेले असते, आणि मनात अढी बसली असती ती वेगळीच.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. दूध एकत्र करायचे असेल तर आधी प्रत्येकाचे दूध वेगळे तपासून घ्यावे. एकदा ओतले की कोणाचा कस किती, हे कॅन सांगत नाही. फॅट रोज थोडे बदलते. जनावराचा चारा, वेत, दूध काढण्याची वेळ यांवर ते अवलंबून असते. म्हणून अधूनमधून पुन्हा तपासावे. नमुना घेण्याआधी दूध चांगले ढवळावे. साय वर येते. न ढवळता वरचे दूध घेतले तर फॅट जास्त दिसते आणि तळचे घेतले तर कमी.

आणखी एक. सहकारी संघात आणि मोठ्या डेअरीत नुसते फॅट पाहत नाहीत, एसएनएफही पाहतात. एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात जे राहते ते. त्यात प्रथिने, साखर, क्षार येतात. त्याचा हिशेबही याच रीतीने होतो. गाईच्या आणि म्हशीच्या दुधाचे दरपत्रकही बहुधा वेगवेगळे असते. ते मागून घ्या आणि वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

३. हवा तेवढा कस कसा आणावा?

आतापर्यंत आपण एकत्र करून कस काढला. आता उलटा प्रश्न. कस किती पाहिजे ते ठरलेले आहे. मग कोणाचे माप किती घ्यायचे?

समजा, म्हशीचे दूध ७ फॅटचे आहे, गाईचे ४ फॅटचे आहे. आपल्याला ५ फॅटचे दूध पाहिजे. किती किती घ्यावे?

याला आम्ही येण्या-देण्याची रीत म्हणतो. म्हशीच्या एका लिटरमध्ये ७ आहे, पाहिजे ५. म्हणजे दर लिटरमागे २ जास्त. गाईच्या एका लिटरमध्ये ४ आहे, पाहिजे ५. म्हणजे दर लिटरमागे १ कमी. एकाकडे २ शिल्लक, दुसऱ्याला १ ची गरज. म्हणून म्हशीचे एक लिटर गाईच्या दोन लिटरांची उणीव भरून काढते. म्हशीचे १, गाईचे २. हेच प्रमाण.

जावांचे दूध आठवा. ६ लिटर आणि १२ लिटर. एकास दोन. म्हणूनच तिथे ५ फॅट आले होते. सुलटा हिशेब आणि उलटा हिशेब जुळला. हिशेब असा दोन्ही बाजूंनी जुळवून पाहावा. मग चूक राहत नाही.

पाटीवर लिहायची सोपी खूण सांगतो. डाव्या बाजूला वर ७ लिहा, खाली ४ लिहा. मधोमध ५ लिहा. आता तिरप्या रेघेवर वजाबाकी करा. ४ आणि ५ यांत फरक १. तो उजवीकडे वर, ७ च्या ओळीत लिहा. ७ आणि ५ यांत फरक २. तो उजवीकडे खाली, ४ च्या ओळीत लिहा. ७ समोर १ आला, ४ समोर २ आला. झाले प्रमाण.

हीच रीत जनावरांच्या आंबोणाला लावा. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने जास्त असतात. धरू, १०० भागांत ४५. मक्याच्या भरड्यात कमी. धरू, १०० भागांत ९. आपल्याला १८ पाहिजेत. पेंडीकडे जास्त आहेत २७. भरड्याला कमी आहेत ९. २७ मध्ये ९ तीन वेळा जातात. म्हणून पेंड १ किलो, भरडा ३ किलो. ताळा करून पाहा. १ गुणिले ४५ म्हणजे ४५. ३ गुणिले ९ म्हणजे २७. एकूण ७२. ७२ भागिले ४, म्हणजे १८. जुळले.

पेंडीपेंडीत फरक असतो. पोत्यावरचा आकडा पाहून हिशेब करावा. जनावराला नुसती प्रथिने पुरत नाहीत, हिरवा चारा, वाळला चारा, क्षार हेही लागतात. त्यासाठी पशुवैद्यांना विचारावे.

एक गोष्ट नेहमी आठवा. पाहिजे असलेला कस दोन्ही कसांच्या मध्येच असला पाहिजे. ७ आणि ४ मिसळून ५ होईल, ६ होईल. ८ कधीच होणार नाही, ३ ही होणार नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो फसवतो आहे, किंवा त्यात तिसरेच काही घालतो आहे.

४. पाण्याचा कस शून्य

पाण्यालाही याच हिशेबात बसवता येते. पाण्यात फॅट नाही. म्हणून पाण्याचा कस शून्य.

१० लिटर म्हशीचे दूध आहे. फॅट ६, एसएनएफ ९. कोणी त्यात २ लिटर पाणी घातले. फॅट किती झाले? १० गुणिले ६, ६०. पाण्याचे शून्य. एकूण १२ लिटर. ६० भागिले १२, म्हणजे ५. पाणी घालणारा मनात म्हणतो, ५ फॅट म्हणजे गाईच्या दुधाहून चांगलेच आहे, कोण ओळखणार?

पण एसएनएफ पाहा. १० गुणिले ९, ९०. भागिले १२, म्हणजे साडेसात. चांगल्या दुधात हा आकडा साडेआठ-नऊच्या आसपास असतो. साडेसात पाहिल्याबरोबर परीक्षक ओळखतो, यात पाणी आहे. पाणी घातले की दोन्ही आकडे एकाच हिशेबाने खाली येतात. चोर एक दार लावतो, दुसरे उघडे राहते.

आता कोणी विचारेल, मग शहरात पिशवीतून टोन्ड दूध विकतात, तेही पाणीच घातलेले ना? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

१९४९ साली मुंबईत आरे दूध वसाहत सुरू झाली. त्या कामाचे प्रमुख दारा खुरोडी होते. मुंबईत दूध मुख्यतः म्हशीचे. ते दाट, पण महाग. गरिबाच्या मुलाला परवडत नसे. म्हणून म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी ठराविक प्रमाणात मिसळून स्वस्त दूध तयार केले. तेच टोन्ड दूध. खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

टोन्ड दुधात फॅट निदान ३ आणि एसएनएफ निदान साडेआठ असावे असा नियम आहे. समजा, म्हशीचे दूध ७ फॅटचे आहे. भुकटीच्या दुधाचे फॅट जवळजवळ शून्य. पाहिजे ३. म्हशीच्या दुधात ४ जास्त, भुकटीच्या दुधात ३ कमी. म्हणून म्हशीचे ३ भाग, भुकटीचे ४ भाग. ३ गुणिले ७ म्हणजे २१. २१ भागिले ७ म्हणजे ३. ताळा जुळला.

मग चोर आणि डेअरी यांत फरक काय? डेअरी फॅट कमी करते, पण भुकटी घालून एसएनएफ राखते. पिशवीवर टोन्ड असे छापते आणि दरही कमी घेते. चोर दोन्ही आकडे खाली आणतो, सांगत नाही आणि पूर्ण दर घेतो. मिसळणे हा गुन्हा नाही. मिसळून लपवणे हा गुन्हा आहे.

५. फवारणीचा पंप

दुधात चुकलो तर पैसे जातात. फवारणीत चुकलो तर पीक जाते, कधी जीवही जातो.

समजा, १५ लिटरचा पंप आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे, एका लिटर पाण्याला २ मिलिलिटर औषध. भरलेल्या पंपाला ३० मिलिलिटर लागले. फवारता फवारता पंपात ५ लिटर पाणी उरले. आता पंप पुन्हा भरायचा आहे. औषध किती घालावे?

एक गडी म्हणतो, "आत औषध आहेच, नुसते पाणी घाला." हिशेब करा. उरलेल्या ५ लिटरमध्ये ५ गुणिले २, म्हणजे १० मिलिलिटर औषध आहे. पाणी झाले १५ लिटर. १० मिलिलिटर १५ लिटरला. लिटरला एक मिलिलिटरही पडत नाही. कीड मरत नाही, मजुरी वाया जाते.

दुसरा गडी म्हणतो, "पंपाला ३० मिलिलिटर ठरलेले आहे, तेवढे घाला." आता औषध झाले १० आणि ३० मिळून ४०. १५ लिटरला ४०. दर लिटरला अडीचपेक्षा जास्त. ठरल्यापेक्षा कडक. पाने करपण्याची भीती, खर्च जास्त, फवारणाऱ्याच्या अंगालाही धोका जास्त.

बरोबर काय? नवे पाणी १० लिटर. त्याला २० मिलिलिटर. मग एकूण औषध ३०, एकूण पाणी १५ लिटर. लिटरला बरोबर २. टोपणाने अंदाजे ओतू नका. मापाचे भांडे वापरा, आणि ते भांडे घरातल्या भांड्यांत कधी मिसळू देऊ नका.

इथे एक इशारा. ही रीत एकाच औषधाची आहे. दोन निरनिराळी औषधे एकत्र ओतली तर काय होईल, हे गणित सांगू शकत नाही. गणिताला आकडे कळतात, विष कळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून चिठ्ठी वाचावी, कृषी अधिकाऱ्यांना विचारावे, तोंडावर फडके, हातात मोजे आणि अंगभर कपडे घालावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नये.

६. सोन्याचा हिशेब, आठशे वर्षांपूर्वीचा

तुम्हाला वाटेल, हे गणित नवे आहे, यंत्राच्या काळातले आहे. तसे नाही. भास्कराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांनी ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, लीलावती हा ग्रंथ लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणादेवी येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापन केला, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे हे गणित आपल्या मातीतलेच आहे.

लीलावतीत सोने मिसळण्याचा हिशेब दिला आहे. त्या काळी सर्वांत शुद्ध सोने १६ वर्णाचे मानीत. वर्ण म्हणजेच कस. भास्कराचार्यांचे उदाहरण असे आहे. १३ वर्णाचे १० मासे सोने, १२ वर्णाचे ४ मासे, ११ वर्णाचे २ मासे आणि १० वर्णाचे ४ मासे. सगळे एकत्र वितळवले. वर्ण किती?

पाटीवर लिहा. १३ गुणिले १०, १३०. १२ गुणिले ४, ४८. ११ गुणिले २, २२. १० गुणिले ४, ४०. बेरीज २४०. एकूण सोने २० मासे. २४० भागिले २०, म्हणजे १२ वर्ण. हीच तर आपली रीत. माप गुणिले कस, बेरीज, भागिले एकूण माप.

पुढे ते विचारतात, हेच सोने तापवून शुद्ध केले आणि २० मासे होते ते १६ मासे राहिले, तर वर्ण किती? हीणकस भाग जळून गेला, पण खरे सोने तेवढेच राहिले. म्हणून २४० तसेच ठेवा, भागायचे १६ ने. उत्तर १५ वर्ण. खवा आटवताना हेच होते. पाणी उडून जाते, फॅट जागेवर राहते. १० लिटर ५ फॅटचे दूध आटवून निम्मे केले की फॅट १० होते.

आता आजचा व्यवहार घ्या. आज शुद्ध सोने २४ कॅरेटचे मानतात. दागिन्यावर ९१६ असा आकडा असला तर ते २२ कॅरेट. हजार भागांत ९१६ भाग शुद्ध. ७५० असला तर १८ कॅरेट.

घरात २२ कॅरेटची पाटली आहे, १५ ग्रॅमची. १८ कॅरेटची अंगठी आहे, ५ ग्रॅमची. दोन्ही मोडायच्या आहेत. कोणी दुकानदार म्हणतो, "२२ आणि १८, मध्ये २०. वीस कॅरेटच्या हिशेबाने धरू." ऐकायला सरळ वाटते. पण हिशेब करा. १५ गुणिले २२, ३३०. ५ गुणिले १८, ९०. एकूण ४२०. भागिले २० ग्रॅम, म्हणजे २१ कॅरेट. वीस नाही, एकवीस.

यात तोटा किती? ४२० भागिले २४, म्हणजे शुद्ध सोने साडेसतरा ग्रॅम. २० कॅरेट धरले तर ४०० भागिले २४, म्हणजे साडेसोळाच्या थोडे वर. जवळजवळ एक ग्रॅम सोने बोलता बोलता गेले. त्या दिवसाचा भाव घालून पाहा म्हणजे रक्कम कळेल. काही बायांची ती महिन्याभराची मजुरी असते. म्हणून दोन्ही दागिने वेगवेगळे तोलून घ्यावे, खडे आणि लाख काढून तोलावे, प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहून मागावा.

७. चार गोष्टी सांभाळा

पहिली. मापे एकाच जातीची असू द्या. एक लिटरमध्ये आणि दुसरे किलोमध्ये, असे करू नका. ग्रॅम तर सगळे ग्रॅम.

दुसरी. कसही एकाच गोष्टीचा असू द्या. फॅटमध्ये फॅट मिळवा, एसएनएफमध्ये एसएनएफ.

तिसरी. नुसत्या दोन कसांची निम्मेनिम्म बेरीज करू नका. ती फक्त दोन्ही मापे सारखी असतील तेव्हाच बरोबर येते.

चौथी. उत्तर आले की ते दोन्ही कसांच्या मध्ये आहे का, आणि जास्त मापाच्या बाजूला झुकले आहे का, ते पाहा. तसे नसेल तर गुणाकार पुन्हा तपासा.

आता घरी करण्यासाठी तीन उदाहरणे देतो.

एक. ८ लिटर दूध ७ फॅटचे आणि ४ लिटर दूध ४ फॅटचे एकत्र केले. फॅट किती?

दोन. ८ फॅटचे आणि ३ फॅटचे दूध मिसळून ५ फॅटचे २० लिटर दूध पाहिजे. कोणते किती घ्यावे?

तीन. १५ लिटरच्या पंपात ३ लिटर फवारा उरला आहे. औषध लिटरला २ मिलिलिटर ठरले आहे. पंप पूर्ण भरताना नवे औषध किती घालावे?

उत्तरे अशी आहेत. पहिल्याचे ६ फॅट. दुसऱ्याचे ८ फॅटचे ८ लिटर आणि ३ फॅटचे १२ लिटर. तिसऱ्याचे २४ मिलिलिटर. उत्तर आधी पाहू नका. आधी पाटीवर करा, मग पडताळून पाहा.

शेवटी एकच सांगणे. डेअरीची पावती, सोनाराची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, पेंडीच्या पोत्यावरचे आकडे, ही सगळी तुमची पाठ्यपुस्तके आहेत. ती फेकू नका. पावती हातात आली की तिथेच उभे राहून वाचा. हिशेब जुळला तर समाधान माना. जुळला नाही तर शांतपणे विचारा, "हा आकडा कसा आला?" यात भांडण नाही, अपमानही नाही. विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. पुढच्या वर्गाला प्रत्येकाने आपापली एक पावती घेऊन या. आपण सगळे मिळून ती वाचू.